उलटी गाठ

दुक्म, ओमान
१२ डिसेंबर २०२३

तात्या,

पत्राच्या वर तीर्थरूप लिहायचं असतं, एवढं आठवीपर्यंतच्या शाळेतून माझ्या डोक्यात राहिलंय. पण पुतण्याच्या हातचं तीर्थरूप वाचून तुम्ही हसाल, म्हणून लिहीत नाही. विमलाकाकीशी फोनवर बोलतो. तुम्हाला फोन ऐकू येत नाही, आणि काकी तुमच्यासमोर ओठ हलवून माझं बोलणं सांगते तेव्हा त्यात अर्धं तिचं स्वतःचं असतं. तेव्हा कागदच बरा. केरीचा एकजण सुट्टीवर निघालाय, त्याच्या बॅगेत टाकतो.

मी बरा आहे. लाँचवर आम्ही नऊजण. तांडेल तामिळी, मालक अरब, भांडी घासणारा बांगलादेशी. एकदा गेलो की दहा-बारा दिवस पाण्यात. माझ्याकडे जाळी सांधायचं काम आलंय. ट्रकवर टिकलो नाही, शॅकमध्ये टिकलो नाही, शेवटी तुम्ही शिकवलेलंच हाताला लागलं. खूश व्हा.

जेवायला खुबूस नावाचा पाव. आपल्या पोदेराच्या उंड्यासमोर तो म्हणजे ओला पुठ्ठा.

एक विचारायचं होतं. इथे मोरजीचा एक मुलगा आहे. त्याने मोबाइलवर फोटो दाखवला. हरमलच्या वाळूत मेलेला गादा, शेपटीला जाळं. खाली लिहिलं होतं, डॉल्फिनचा मृत्यू. खरं का? तीन वर्षांपूर्वी नारळी पौर्णिमेला तुम्हीच देवासमोर गाऱ्हाणं घातलं होतं, की नारळी पौर्णिमेपासून शिमग्यापर्यंत तेरेखोल खाडीच्या तोंडावर कुणी जाळं लावून ठेवायचं नाही, गादे तिथे पिलं घेऊन येतात. जो लावील त्याच्या घराचा हात गावाने मिळून ओढायच्या रापणीच्या दोरावरून जाईल, वाटाही जाईल. सगळे व्हय म्हाराजा म्हणाले होते. मीही म्हणालो होतो.

मग कुणाचं जाळं निघालं? कळलं का?

तुमचा
सुदेश


हरमल, पेडणे
९ जानेवारी २०२४

चि. सुदेश,

पत्र पोचले. अक्षर अजून खेकडा चालल्यासारखे आहे, पण लागले.

फोटो खरा. तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी ती वाळूला लागली. हर्षा मॅडम आली, कॉलेजची, जी केरीच्या डोंगरावर आपल्या बायकांना बसवून दुर्बिणीतून गादे मोजून घेते. तिने पाठीवरचा पंख बघितला आणि वहीसुद्धा उघडली नाही. म्हणाली, ही कातरी. पंखाला कात्रीने कापल्यासारखी खाच होती ती. पोर अंगाला चिकटलेले असायचे, तीच. पोर खाडीतच राहिले.

त्या दिवशी मॅडम वाळूत बसून राहिली. म्हणाली, मोजायला लागलो तेव्हा अकरा होते, मग तेरा झाले होते. तू रापणीवर होतास, तुला ठाऊक आहे. गादे शेवटे मासळीचा थवा किनाऱ्याकडे हाकतात, आपण रापण टाकतो. गादा आत आला तर वरचा दोर पाण्याखाली दाबून त्याला वाट देतो. माझ्या आज्यापासूनचे हे. मी गाऱ्हाण्यात नवे काही आणले नव्हते, जे विसरले होते ते तोंडाने म्हटले.

जाळे तुझ्या दोस्ताचे, प्रवीणचे. शेपटीला अडकलेल्या दोरावर तीन बोये होते, निळ्या चपलांचे तळवे कापून केलेले. असे बोये गावात एकाच घरचे. प्रवीण म्हणाला, माझे जाळे मांगरातून कुणी नेले, मला माहीत नाही. देवळाच्या चौकात बैठक झाली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितले. मी निकाल दिला, की ज्या घरचे बोये त्या घरचा हात दोरावरून गेला. वर्षभर.

तो बराच वेळ बोलत होता. मी मान फिरवली. बहिऱ्याला एवढे सोपे असते.

तुझी काकी विचारते, अंगावरची खाज गेली का. खोबरेल लाव.

सगुण


दुक्म
२० फेब्रुवारी २०२४

तात्या,

पत्र दोनदा वाचलं. केलंत ते बरोबरच. नियम म्हणजे नियम. एकाला सोडलं की दुसरा लावणार. प्रवीण तसा आधीपासून बेफिकीर. जाळं मांगरात नीट ठेवायचं, कुलूप घालायचं, ते त्याला जमत नाही. वर्षभराचा प्रश्न आहे, जाईल वर्ष.

इथली गंमत ऐका. आमचं जाळं पाण्यात पडलं की त्याचं दुसरं टोक दिसत नाही, कोसभर असेल. गेल्या खेपेला त्यात गादा आला. आपल्यासारखाच, पाठीवर उंचवटा असलेला. तांडेलाने आधी शिवी दिली, मग शेपटीपाशी जाळं सोडवलं आणि लाथेने ढकलला. पाण्यात पडल्याचा आवाज झाला तोवर तो बिडी पेटवत होता. मी विचारलं, इथे कुणी काही म्हणत नाही का? तो म्हणाला, समुद्राला कोण विचारतो कुणाचं जाळं ते. मला वाटलं, बरं आहे. इथे गाऱ्हाणं नाही, बैठक नाही, निळ्या चपलांचे बोये नाहीत.

वत्सलामावशी काय म्हणते पोराबद्दल? प्रवीणला शॅकमध्ये काम मिळेल, रशियन पाहुणे असतील आता. त्याला थोडं इंग्रजी येतं, माझ्यापेक्षा बरं.

आणि तो शेपटीचा जाळ्याचा तुकडा कुठे आहे? मॅडमने नेला? उगाच ठेवू नका घरात. मेलेल्या जनावराचं आहे, वास मारेल. चुलीत घाला.

मेमध्ये सुट्टी मिळाली तर येईन. बहुतेक मिळणार नाही.

सुदेश


हरमल
२८ एप्रिल २०२४

सुदेश,

दोन महिने लिहिले नाही. लिहिण्यासारखे नव्हते असे नाही.

वत्सला काय म्हणते विचारलेस. रापण आली की बायका वाटे घालतात, तिची टोपली मध्ये आली की हात तिला ओलांडून पुढे जातो. महिनाभर ती रोज रिकामी टोपली घेऊन येत राहिली. तोंडावर पदर नाही, काही नाही, नुसती उभी. मग यायची बंद झाली. मला तेव्हा बरे वाटले, हे तुला सांगतो.

प्रवीण शॅकमध्ये गेला नाही. शिमगा व्हायच्या दोन आठवडे आधी त्याने खाडीच्या तोंडावर जाळे लावले. लपून नाही. दिवसाढवळ्या, निळे बोये वर तरंगत ठेवून. मी होडी घेऊन गेलो, हाताने सांगितले, काढ. तो होडीत उभा राहिला, तोंड बरोबर माझ्यासमोर आणले, आणि मला वाचता यावे म्हणून सावकाश बोलला, "नाव तर माजाच झाला ना तात्या? मग जाळा पण माजा असूदे."

पाचव्या दिवशी कातरीचे पोर त्यात गेले. दूध सुटले नव्हते त्याचे, आईवाचून महिनेच्या महिने कसे काढले देव जाणे. मॅडमने ते उचलून होडीत घेतले. शाळेतल्या मुलाएवढे वजन. प्रवीण काठावर बसून पावाचे तुकडे खात होता. तो रडला असता तर मला सोपे गेले असते.

आता आणखी चारजण तिथे जाळे लावतात. दंड करायला गेलो तर म्हणतात, प्रवीणला करा, त्याच्या घराचा हात कधीच गेलाय, त्याचे तुम्ही आणखी काय कापणार? डोंगरावर बसणाऱ्या बायका उठून गेल्या. मॅडमची शेवटची मोजणी सात.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर. तुकडा माझ्याकडे आहे. जनेलाच्या वर, औजारांच्या पेटीत. वास मारत नाही.

तुला काही लिहायचे असेल तर लिही. कान गेले, डोळे आहेत.

सगुण


दुक्म
१६ जून २०२४

तात्या,

तुमचं पत्र खिशात घेऊन दोन खेपा मारल्या. घामाने शाई पसरलीय. शेवटची ओळ मात्र राहिली.

जाळं मी लावलं होतं.

आता सगळं लिहितो. मध्ये थांबलो तर परत लिहिणार नाही.

मी निघायच्या आदल्या दिवशी रापण ओढून झाल्यावर सगळे वाळूत बसले होते. कुणीतरी म्हणालं, सुदेश परदेशात मासे मारायला चाललाय, इथे त्याला स्वतःच्या हाताने एक चोणक मिळाला नाही आजवर. सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुम्हाला काय बोलले ते कळलं नसेल, सगळे हसतात म्हणून हसला असाल. पण हसलात.

मला एक मोठा चोणक हवा होता. काकीच्या स्वयंपाकघरात ठेवून जायचा होता, बस्स. चोणक खाडीच्या तोंडावर असतो. आपलं जाळं घेतलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून प्रवीणच्या मांगरातून त्याचं घेतलं. न विचारता. विचारलं असतं तर त्याने दिलं नसतं असं नाही, उलट तो बरोबर आला असता. पण मला एकट्याचा मासा हवा होता. जाळ्याला हातभर भोक होतं, ते तुमच्या पेटीतल्या दोऱ्याने सांधलं. तिन्हीसांजेला लावून आलो.

पहाटे गेलो तर बोये बुडालेले. मी खूश झालो, तात्या. म्हटलं, केवढा मोठा मिळाला.

ती जिवंत होती. शेपूट अडकली होती, डोकं वर काढून फूस करून श्वास घेत होती. पोर तिच्याभोवती फिरत होतं, होडीला घासत होतं. माझ्या कमरेला सुरी होती. दोन ठिकाणी जाळं कापलं असतं तर ती गेली असती. मी नाही कापलं. कापलं तर प्रवीणला काय सांगू? जाळं कुठे फाटलं म्हणून विचारणार. मग मी हाताने सोडवत बसलो. एकेक फास. ती ओढायची आणि दुसरा फास बसायचा. किती वेळ गेला माहीत नाही. मग डोकं वर यायचं थांबलं.

आणि मग मी जाळं कापलं. आता कापायला काही वाटलं नाही. उरलेलं जाळं दगड बांधून बुडवलं, घरी आलो, आंघोळ केली. काकीने बॅगेत सुकट भरली. प्रवीणने स्कूटरवरून म्हापशाच्या बसला सोडलं. वाटेत म्हणाला, तिकडे माझ्यासाठीपण बघ रे काम.

जानेवारीत त्याचे फोन आले. मी नुसता बघत बसायचो, नाव चमकतंय, चमकतंय, बंद झालं. एकदाही उचलला नाही. मग यायचे थांबले. बेफिकीर मी त्याला म्हणालो होतो ना. ती ओळ तुमच्या हातात आहे, तिच्यावर काय करायचं ते करा.

हे पत्र नारळी पौर्णिमेला सगळ्यांसमोर वाचा. त्याचा हात दोराला लावा, माझा काढा. मी नाहीच तिथे, मला काय लागणार, असं लोक म्हणतील. खरं आहे. मला इथे काहीच लागत नाही. तेच सहन होत नाही.

सुदेश


हरमल
२२ ऑगस्ट २०२४

सुदेश,

नारळी पौर्णिमा सोमवारी झाली. तुझे पत्र वाचले. पण त्याआधी मी माझे सांगितले, आणि ते तुलाही सांगायला हवे.

मला पहिल्या दिवसापासून माहीत होते.

तुला जाळे सांधायला शिकवले तेव्हा तू सहा वर्षांचा. शेजारी बसवले तर तुझे ओठ मला दिसत नाहीत, तू काय विचारतोस ते कळत नाही. म्हणून समोर बसवले. तू माझ्या हातांकडे बघून शिकलास, आरशात बघितल्यासारखे. तू उजव्या हाताचा, तरी तुझी प्रत्येक गाठ उलटी बसते. मी कधी सुधारले नाही. म्हटले, पोराची आहे, असू दे. गावात तसे सांधणारा दुसरा नाही.

कातरी वाळूला लागली तेव्हा तिथे पहिला पोचलो मी. शेपटीला जाळे, जाळ्याला निळे बोये, आणि मध्ये हातभर सांधलेले, माझ्या पेटीतल्या हिरव्या दोऱ्याने. सगळ्या गाठी उलट्या. बाकीचे लोक अजून देवळापर्यंतच आले होते. मी चाकू काढला आणि तेवढा भाग कापून कासोट्यात खोचला. बोये राहू दिले.

मग चौकात प्रवीण बोलत होता तेव्हा मान फिरवली. ते तुला आधीच लिहिले होते. का फिरवली ते नव्हते लिहिले.

तू जाळे कापले नाहीस म्हणून ती मेली. मी कापले म्हणून पोर मेले. आणखी किती ते मॅडमने सांगितले, पाच उरलेत. ती आता येत नाही. म्हणाली, तात्या, मी इथे मोजायला आले होते, पुरायला नाही.

सोमवारी नारळ हातात घेऊन सगळे सांगितले. तुकडा दाखवला. तुझे पत्र वाचले, मोठ्याने वाचले असेन, मला माझा आवाज कळत नाही. वत्सला मागे उभी होती. मी म्हटले, प्रवीणच्या घराचा हात परत दोराला, माझ्या घराचा काढला. आणि गाऱ्हाणे घालायला पुढे झालो, तर माणसांनी व्हय म्हाराजा म्हणायला तोंड उघडले नाही. ओठ मी वाचतो ना. एकाचाही ओठ हलला नाही. नारळ मी तसाच पाण्यात सोडला.

प्रवीणला घरी जाऊन बोलावले होते, तो आला नव्हता. पंधरवड्यापूर्वीच त्याने ट्रॉलरवर नाव दिले होते, दुसऱ्या दिवशी सकाळी निघणार होता. मी दारात गेलो. म्हटले, दोर तुझा आहे. तो बॅग बांधत होता, मान वर करून म्हणाला, "आता कित्याक तात्या? रापण खंय आसा?"

खरे होते, रापण होती कुठे. तीन दिवस झाले, ती वाळूत तशीच पडून आहे. कुणी पहिला हात लावत नाही. खाडीच्या तोंडावर मात्र काल नऊ जाळी मोजली.

मी चुलीत काहीच घातले नाही. तुकडा घेऊन वत्सलाकडे गेलो. तिने पाण्याचा तांब्या दिला, तुकडा घेतला नाही. म्हणाली, याच्यावर तुमच्या चाकूची धार आहे, आता याला कोण पुरावा मानणार.

यायचे असेल तर ये. नसेल तर नको. दोन्हीत आता फरक राहिला नाही.

सगुण


दुक्म
३ ऑक्टोबर २०२४

तात्या,

कमी लिहितो. परवा या लाँचवरून मला उतरवलं. दुसरीकडे काम मिळेल, नाही मिळालं तर येईन.

झालं ते असं. सकाळी जाळं ओढताना बोये बुडाले होते. मी खाली बघितलं, पाठीचा उंचवटा दिसला. या वेळी मी वाट बघितली नाही. तांडेल ओरडत होता, मी वाकलो आणि दोन ठिकाणी, जिथे त्या दिवशी कापायला हवं होतं अगदी तसं, कापलं. जाळं नवीन होतं, मालकाचं. गादा सुटला. पाठीवर उलटला आणि तसाच तरंगत राहिला. तो आधीच मेलेला होता. केव्हाच.

तांडेल म्हणाला, मेलेल्यासाठी जाळं कापणारा माणूस मला नको. बरोबर बोलला.

कापलेला तुकडा माझ्याकडे राहिला. आठवड्यापूर्वी मीच सांधलेला भाग होता. गाठी बघा, सगळ्या उलट्या आहेत. मोरजीचा मुलगा गावी येतोय, त्याच्या हाती हा तुकडा पाठवतोय, या कागदात गुंडाळून. वत्सलामावशीच्या हातात द्या. म्हणावं, हा सुदेशचा. यावर दुसऱ्या कुणाची धार नाही.

या वेळी चाकू काढू नका.

सुदेश